नियमांच्या पोटी जन्मलेल्या गाड्या

‘डर्ट रॅली २.०’ हा गेम सुरू करून गाडी निवडायला गेलं की समोर एक लांबलचक यादी उघडते. एच-१ एफडब्ल्यूडी, एच-२ आरडब्ल्यूडी, ग्रुप बी फोरडब्ल्यूडी, ग्रुप ए, एफ-२ किट कार, आर-२, आर-५, एनआर-४. नवखा खेळाडू ही नावं वाचायच्या भानगडीत पडत नाही. ज्या गाडीची ताकद सर्वांत जास्त ती उचलायची, हा त्याचा सरळ हिशेब. ती गाडी हमखास ग्रुप बीमधली निघते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर झाडाला मिठी मारते. मग ‘कसला अवघड गेम आहे हा’ असं म्हणत तो बाजूला पडतो.

अवघड तो आहेच. पण गाड्यांचे हे वर्ग कसे पडले ते कळलं तर निम्मं काम तिथेच होतं. त्यातला जवळजवळ प्रत्येक वर्ग कुठल्या ना कुठल्या नियमावलीतून आलेला आहे. एवढ्याच गाड्या बनवा, एवढंच वजन ठेवा, इंजिन इतकंच मोठं असू द्या, किंमत इतकीच असू द्या, असं नियम करणारे सांगत गेले आणि इंजिनिअर मंडळी त्या नियमांतून वाट काढत गेली. गेममधली यादी म्हणजे त्या झटापटीचा साठ वर्षांचा आढावा आहे. त्याचं वैशिष्ट्य असं की तो आढावा चालवून बघता येतो.

गेमची थोडी कुळकथा सांगायला हवी. इंग्लंडमधल्या वॉरविकशायर परगण्यातल्या कोडमास्टर्स या कंपनीने १९९८ मध्ये ‘कॉलिन मॅक्रे रॅली’ काढला. मॅक्रे हा स्कॉटलंडचा. १९९५ मध्ये सुबारू इम्प्रेझा चालवून तो जगज्जेता झाला होता आणि रॅलीचं ड्रायव्हर-विजेतेपद मिळवणारा तो पहिला ब्रिटिश. गेममध्ये शेजारच्या सीटवरून वळणं सांगणारा आवाजही त्याचा खरा सहकारी निकी ग्रिस्ट याचाच होता. पुढे मालिकेचं नाव ‘डर्ट’ झालं. २००७ च्या सप्टेंबरमध्ये मॅक्रे हेलिकॉप्टर अपघातात गेला. त्यानंतर मालिका हळूहळू रॅलीपासून दूर सरकली. उड्या, आतषबाजी, गर्दीसमोरच्या कसरती यांची त्यात रेलचेल झाली. जुने चाहते कुरकुरत राहिले. अखेर २०१५ मध्ये कंपनीने ‘डर्ट रॅली’ काढला आणि सगळा झगमगाट काढून टाकला. चूक झाली की वेळ मागे फिरवून पुन्हा प्रयत्न करायची आधीच्या गेममधली सोयही गेली. चुकलात तर चुकलात. २.० ही त्याची पुढची आवृत्ती, फेब्रुवारी २०१९ मधली.

रॅली म्हणजे सर्किटवरची शर्यत नव्हे, हे इथे सांगून टाकतो, कारण अनेकांचा गोंधळ इथेच होतो. वाहतुकीला बंद केलेला एक खरा रस्ता असतो, जंगलातला, डोंगरातला, कधी खडीचा, कधी डांबरी. त्याला स्टेज म्हणायचं. गाड्या एकामागून एक, थोड्या थोड्या वेळाने सुटतात. शेजारून कुणी घासत जात नाही. स्पर्धा घड्याळाशी. सगळ्या स्टेजच्या वेळांची बेरीज ज्याची कमी, तो जिंकला. रस्ता पाठ होण्याइतका कधीच चालवलेला नसतो, म्हणून शेजारी को-ड्रायव्हर बसतो आणि वहीतून पुढची वळणं वाचून दाखवतो. या वाचनाला पेसनोट्स म्हणतात. २.० मध्ये हा आवाज फिल मिल्स यांचा आहे. २००३ चा जगज्जेता पेटर सोलबर्ग याच्या शेजारी बसणारे ते हेच. वळणाला एक ते सहा आकडे असतात. एक म्हणजे अगदी आवळलेलं, सहा म्हणजे जवळपास सरळच. त्यापुढे ‘पुढे आवळतंय’, ‘चढावरून’, ‘आतून कापू नका’ अशा सूचना. डोळे एका वळणावर आणि कान त्याच्या पुढच्या वळणावर, हे जमेपर्यंत गाडी कुठलीही घ्या, गत एकच.

आता मूळ विषय. एच-१ पासून सुरुवात करू. यात पुढच्या चाकांवर चालणाऱ्या साठीच्या दशकातल्या गाड्या आहेत: मिनी कूपर एस, लॅन्चिया फुल्विया, सिट्रोएन डीएस. मिनी दिसायला खेळण्यासारखी, पण पॅडी हॉपकर्कने १९६४ ची मॉन्टे कार्लो रॅली हिच्यातच जिंकली. १९६५ आणि १९६७ मध्येही विजय मिनीचाच. मधल्या १९६६ मध्ये पहिल्या तीनही जागा मिनींनी पटकावल्या होत्या, पण पुढच्या दिव्यांच्या एका नियमावर बोट ठेवून परीक्षकांनी तिघींनाही बाद केलं. विजय गेला सिट्रोएनमधल्या फिनलंडच्या पाउली टोइवोनेनकडे. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या वर्गाची अडचण एकच. वळवायचं काम पुढच्या चाकांचं, आणि ओढायचं कामही त्यांचंच. एकाच बैलाला नांगराला जुंपायचं आणि मोटेलाही, तसा प्रकार. वळणात जास्त अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पुढची चाकं वळणं सोडून देतात आणि गाडी सरळ कडेला निघते. इलाज उलटाच आहे. वळणाआधी गाडीचा वेग कमी करून तोंड आत वळू द्यायचं आणि मगच ताकद मागायची. ताकद मुळात कमी असल्याने चूक व्हायला वेळ मिळतो, आणि झालेली चूक कळायलाही. शिकायला याहून चांगला वर्ग नाही.

एच-२ मध्ये दोन पोटवर्ग आहेत. पुढच्या चाकांच्या वर्गात पूजो २०५ जीटीआय आणि फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय. मागच्या चाकांच्या वर्गात फोर्ड एस्कॉर्ट मार्क टू, फियाट १३१ अबार्थ, ओपेल काडेट आणि अल्पिन ए-११०. हा दुसरा पोटवर्ग मला अख्ख्या गेममधला सर्वांत आनंदाचा वाटतो. १९७३ मध्ये जागतिक रॅली स्पर्धा सुरू झाली तेव्हा कंपन्यांचं पहिलं विजेतेपद अल्पिनने घेतलं. १९७९ मध्ये ड्रायव्हरांसाठी पहिल्यांदा जागतिक विजेतेपद ठेवलं गेलं, ते स्वीडनच्या ब्यॉर्न वॉल्डेगार्डने मिळवलं, बहुतेक एस्कॉर्टच्याच जोरावर. १९८१ चा जगज्जेता आरी वाटानेनही एस्कॉर्टवालाच.

इथे गेमच्या वर्गवारीवर एक टीका करायला हवी. एच म्हणजे ऐतिहासिक आणि पुढचा आकडा चढत जातो, तेव्हा साठ, सत्तर, ऐंशी अशी दशकं लावलेली असावीत असं वाटतं. तसं ते नाही. एच-२ मधली गोल्फ ऐंशीच्या दशकातली आहे. एच-३ मध्ये तर सत्तरीतली लॅन्चिया स्ट्रॅटोस आणि ऐंशीच्या उत्तरार्धातली बीएमडब्ल्यू एम-३ शेजारी शेजारी उभ्या आहेत. वर्ग ठरवला आहे तो कोण कुणाशी बरोबरीने धावू शकेल यावरून. गेम म्हणून ते योग्य आहे, इतिहास म्हणून गोंधळाचं.

स्ट्रॅटोसबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे, कारण नियमाच्या पोटी गाडी कशी जन्मते याचं ती पहिलं ठळक उदाहरण. तोवर कंपन्या बाजारातली गाडी घ्यायच्या आणि तिला रॅलीसाठी तयार करायच्या. लॅन्चियाने उलट केलं. आधी रॅली जिंकणारी गाडी आखली आणि नियमाला लागतील तेवढ्या पुरत्या रस्त्यावरच्या गाड्या बनवल्या. नियम असा होता की एखाद्या गाडीच्या ठरावीक प्रती बनवून दाखवल्याशिवाय तिला स्पर्धेची मान्यता मिळणार नाही. स्ट्रॅटोसच्या वर्गासाठी हा आकडा पाचशेचा होता. इंजिन फेरारी डिनोचं, व्ही-६, ड्रायव्हरच्या पाठीमागे. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर इतकं कमी की गाडी एखाद्या बिंदूभोवती फिरते असं वाटतं. वळणात हे वरदान, सरळ रस्त्यावर खड्ड्यातून जाताना शाप. १९७४, १९७५ आणि १९७६ अशी सलग तीन विजेतेपदं तिने घेतली. गेममध्ये ती चालवताना पहिल्या काही स्टेजमध्ये तुम्ही स्टिअरिंग किती कमी फिरवायचं हेच शिकत राहता.

मग आली ऑडी क्वाट्रो, १९८० च्या मार्चमध्ये, जिनिव्हाच्या प्रदर्शनात. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या लष्कराच्या आणि शेतकऱ्यांच्या, त्या जड आणि मंद, असाच सगळ्यांचा समज. ऑडीच्या इंजिनिअरांनी फोक्सवॅगनच्या इल्टिस या लष्करी गाडीला फिनलंडच्या बर्फात पळताना पाहिलं. ताकदीने कितीतरी सरस असलेल्या गाड्या तिच्यापुढे चाचपडत होत्या. तिथून ही कल्पना निघाली. १९८१ मध्ये मिशेल मूटोनने क्वाट्रो चालवून सॅनरेमो रॅली जिंकली. जागतिक स्पर्धेतली फेरी जिंकणारी ती पहिली स्त्री. पुढच्या वर्षी ती एकूण स्पर्धेत दुसरी आली.

याच सुमारास, १९८२ मध्ये, ग्रुप बीचे नियम लागू झाले आणि गेममधल्या यादीचा सर्वांत गाजलेला वर्ग जन्माला आला. नियम ऐकायला साधे आहेत. बारा महिन्यांत दोनशे गाड्या बनवा, मान्यता घ्या. त्यानंतर सुधारित आवृत्ती हवी असेल तर फक्त वीस बनवल्या तरी चालतील. दोनशे गाड्या म्हणजे कारखान्याच्या एका कोपऱ्यात हाताने जुळवता येतील एवढ्याच. म्हणजे बाजाराचा, गिऱ्हाइकाचा, परवडण्याचा काही संबंधच उरला नाही. ही मोजणीही कशी व्हायची याच्या गोष्टी रॅलीवाल्यांत रंगवून सांगतात. लॅन्चियाची ०३७ मोजायला परीक्षक आले, एका आवारातल्या गाड्या मोजल्या, मग त्यांना भरपेट जेवायला बसवलं आणि तेवढ्यात त्याच गाड्या दुसऱ्या आवारात नेऊन लावल्या, अशी ती गोष्ट. खरीखोटी देव जाणे.

०३७ गेमच्या ग्रुप बी आरडब्ल्यूडी वर्गात आहे. क्वाट्रो चारही चाकांवर पळत असताना लॅन्चियाने मागच्या दोन चाकांवरच भरवसा ठेवला आणि १९८३ चं कंपन्यांचं विजेतेपद ११८ विरुद्ध ११६ अशा दोन गुणांनी ऑडीकडून हिसकावलं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीने ते जिंकायची ही शेवटची वेळ. गेममध्ये स्पेनच्या डांबरी रस्त्यावर ०३७ चालवा आणि मग अर्जेंटिनाच्या खडीवर चालवा. लॅन्चियाने हे विजेतेपद कुठल्या रस्त्यांवर कमावलं आणि कुठे गमावता गमावता राहिलं, ते पंधरा मिनिटांत कळतं.

पण ग्रुप बीचा खरा मासला चारचाकी ताकदीच्या वर्गात आहे, आणि तो समजायला थोडं गणित करावं लागेल. गाडीचं किमान वजन इंजिनाच्या आकारावर ठरत होतं. इंजिन अडीच हजार सीसीच्या आत असेल तर ८९० किलो, तीन हजारांच्या आत असेल तर ९६० किलो. टर्बो किंवा सुपरचार्जर लावला असेल, म्हणजे इंजिनात दाबाने जास्त हवा कोंबली जात असेल, तर इंजिनाचा आकार १.४ ने गुणून धरायचा. आता लॅन्चिया डेल्टा एस-४ चं इंजिन बघा. १,७५९ सीसी. गुणिले १.४ केले की २,४६३. अडीच हजारांच्या जरा आत. पूजो २०५ टी-१६ चं १,७७५. गुणाकार २,४८५. तोही काठावरच. तिकडे एमजी मेट्रो ६आर४ ला टर्बोच नव्हता, म्हणून गुणाकाराचा प्रश्न नाही आणि इंजिन २,९९१ सीसीचं. हेही तीन हजारांच्या आत, नऊ सीसी राखून. दिसायला तिन्ही गाड्या बाजारातल्या छोट्या हॅचबॅकच्या बहिणी. आत मात्र इंजिन मागच्या बाजूला, सांगाडा नळ्यांचा, आणि प्रत्येक आकडा नियमाच्या रेषेला टेकलेला.

डेल्टा एस-४ ला तर सुपरचार्जर आणि टर्बो दोन्ही होते. टर्बो इंजिनाच्या धुरावर फिरतो, त्यामुळे इंजिन मंद असताना तो झोपलेला असतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी क्षणभर काहीच होत नाही, आणि मग सगळं एकदम होतं. सुपरचार्जर थेट इंजिनावर फिरत असल्याने तो खालच्या वेगात साथ देतो. इंजिनिअरांनी दोघांना एकामागे एक लावलं. गेममध्ये ऑडीची ग्रुप बीमधली क्वाट्रो एस-१ चालवून लगेच एस-४ चालवली तर हा फरक पहिल्या हेअरपिनमध्येच, म्हणजे जवळजवळ उलटं फिरवणाऱ्या वळणातच, जाणवतो.

एक हेअरपिन घेऊच. अर्जेंटिनाच्या कातामार्काचा रस्ता अरुंद आहे, एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला दरी किंवा पुन्हा खडक. मिल्स ओरडतात, डावीकडे हेअरपिन. फुल्विया असेल तर दुसऱ्या गियरमध्ये येता येता डाव्या पायाने ब्रेक हलकासा दाबून ठेवायचा आणि उजव्या पायाने अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा नाही. वजन पुढे येतं, मागची बाजू हलकी होते, हँडब्रेकचा एक झटका दिला की शेपूट फिरतं. गाडी नाखुशीने का होईना वळते. एस्कॉर्ट असेल तर वळणाच्या आधी क्षणभर उलट्या बाजूला, म्हणजे उजवीकडे, तोंड करायचं आणि लगेच डावीकडे. गाडीचं वजन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झुलतं, मागची चाकं घसरू लागतात, आणि त्यानंतर गाडी कुठे जाणार हे स्टिअरिंगपेक्षा उजवा पाय ठरवतो. थोडं जास्त दाबलं तर तोंड आणखी आत, थोडं कमी केलं तर सरळ. हे एकदा साधलं की माणूस उगाचच हसतो. आता क्वाट्रो एस-१. इंजिन पुढच्या चाकांच्याही पुढे, तोंड जड, वळायला राजी नाही. शिवाय टर्बो झोपलेला. म्हणून वळण अर्धं व्हायच्या आधीच, तोंड अजून खडकाकडे असतानाच, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि डाव्या पायाने ब्रेकवर तिला आवरून धरायचं. बेताने साधलं तर ताकद नेमकी तोंड सरळ झाल्यावर पोचते आणि चारही चाकं खडी उधळत गाडीला पुढच्या वळणावर फेकतात. नाही साधलं तर खडक आहेच.

हे सगळं पडद्यावर आहे, खऱ्या माणसांना ते खऱ्या खडकांवर करावं लागे. आणि प्रेक्षक रस्त्यात उभे असत, गाडी जवळ आली की बाजूला सरकायचं अशा बेताने. १९८६ मध्ये पोर्तुगालच्या रॅलीत एक फोर्ड आरएस२०० गर्दीत घुसली आणि तीन प्रेक्षक मेले. त्याच वर्षी २ मे रोजी कॉर्सिका बेटावर डेल्टा एस-४ एका वळणावरून खाली कोसळली. इंधनाच्या टाक्या सीटच्या खाली होत्या. गाडी पेटली आणि हेन्री टोइवोनेन व त्याचा को-ड्रायव्हर सर्जिओ क्रेस्टो जागीच गेले. बरोबर एक वर्ष आधी, २ मे १९८५ ला, कॉर्सिकातच अटिलिओ बेत्तेगा ०३७ मध्ये मरण पावला होता. ग्रुप बीवर पुढच्या वर्षापासून बंदी घातल्याची घोषणा काही तासांत झाली.

हेन्री हा पाउली टोइवोनेनचा मुलगा. बापाला मॉन्टे कार्लो मिळवून देणारी डीएस या गेमच्या अगदी पहिल्या वर्गात आहे आणि मुलाचा जीव घेणारी एस-४ सर्वांत वेगवान वर्गात. दोन्हींमध्ये फक्त वीस वर्षांचं अंतर. गेम हे कुठे सांगत नाही. सांगायला हवं होतं, असं मला वाटतं.

ग्रुप बीनंतर नियम करणाऱ्यांनी दोरी एकदम आवळली. ग्रुप एमध्ये गाडी उतरवायची तर बारा महिन्यांत पाच हजार गाड्या बनवाव्या लागत. १९९३ पासून हा आकडा अडीच हजारांवर आला. आता कंपनीला त्या गाड्या विकायच्याही होत्या, म्हणून त्या माणसाला बसता येण्याजोग्या झाल्या. लॅन्चिया डेल्टा इन्टेग्राले, फोर्ड एस्कॉर्ट कॉसवर्थ, सुबारू इम्प्रेझा, मित्सुबिशी लॅन्सर एव्होल्यूशन या सगळ्या शोरूममध्ये मिळू लागल्या त्या या नियमामुळे. लॅन्चियाने १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षं कंपन्यांचं विजेतेपद सोडलं नाही. ड्रायव्हरांच्या विजेतेपदात पुढे गाजली मॅक्रेची इम्प्रेझा, आणि मग १९९६ ते १९९९ टॉमी मॅकिनेनची लॅन्सर. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने लॅन्सर विकली ती यांच्याच घराण्यातली, साध्या अंगाची. तिची पुढची बहीण सेडिया भारतीय रॅलीत बरीच वर्षं दबदबा राखून होती.

गेममध्ये ग्रुप ए ग्रुप बीपेक्षा ताकदीने कमी आहे, तरी अनेक स्टेजवर सरासरी खेळाडूची वेळ त्यातच चांगली येते. सस्पेन्शन सुधारलेलं, टर्बो जागा ठेवायची युक्ती सापडलेली, गाडीचं तोंड शहाणं झालेलं. मला विचाराल तर खडीच्या रस्त्यासाठी या गेममधला सर्वांत संतुलित वर्ग हाच. त्यात टोयोटा सेलिका नाही, ही मात्र मोठी उणीव. कार्लोस साइन्झ १९९० आणि १९९२ मध्ये तिच्यावर जगज्जेता झाला होता. टोयोटाची एकही गाडी या गेममध्ये नाही, कारण गाड्यांच्या वापराचे हक्क कंपनीगणिक मिळवावे लागतात. हक्कांच्याच भानगडीमुळे १९९७ नंतरच्या वर्ल्ड रॅली कारच्या वर्गाचं नाव गेममध्ये ‘टू थाउजंड सीसी’ असं बेचव ठेवावं लागलं. डब्ल्यूआरसी, म्हणजे जागतिक रॅली स्पर्धा, हे नाव वापरायचा परवाना तेव्हा दुसऱ्या प्रकाशकाकडे होता.

किट कार हा वर्ग लोक ओलांडून जातात, तो चुकवू नये. दोन लिटरचं बिनटर्बोचं इंजिन, फक्त पुढच्या चाकांना ताकद, पण अंग हलकं आणि चाकांतलं अंतर रुंदावलेलं. खडीवर यथातथा. डांबरावर मात्र १९९९ मध्ये फिलिप बुगाल्स्कीने सिट्रोएन एक्सारा किट कार चालवून स्पेन आणि कॉर्सिका या दोन्ही फेऱ्या साफ जिंकल्या, वर्ल्ड रॅली कारांना मागे टाकून. त्या गाडीची चुलत बहीण पूजो ३०६ मॅक्सी गेममध्ये आहे. स्पेनची स्टेज निवडा आणि तिच्या इंजिनाची किंकाळी ऐका.

रॅली जीटीमधल्या पोर्शे, मस्टँग वगैरे मंडळी दिसायला देखणी आहेत, त्यापलीकडे त्यांच्याविषयी लिहिण्यासारखं फारसं नाही. एनआर-४ म्हणजे शोरूमच्या गाडीच्या सर्वांत जवळचा चारचाकी ताकदीचा वर्ग, जड आणि सोशिक.

शेवटी आर मालिका. आर-२ मध्ये छोट्या फिएस्टा, पूजो २०८. आर-५ मध्ये १.६ लिटर टर्बो, चारही चाकांना ताकद, किमान वजन १,२३० किलो. इथे नियमावलीने नवीनच वाट धरली. किती गाड्या बनवल्या हा प्रश्न मागे पडला आणि गाडीची किंमत किती यावर मर्यादा आली. कारखान्याच्या संघाबाहेरच्या माणसालाही ती विकत घेऊन स्पर्धेत उतरता यावं हा हेतू. दिल्लीच्या गौरव गिलने २०१६ आणि २०१७ मध्ये आशिया-पॅसिफिक विजेतेपद मिळवलं ते श्कोडा फाबिया आर-५ वर. २०१९ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधला पहिलाच. तीच फाबिया गेमच्या या वर्गात आहे. नाशिकला राष्ट्रीय स्पर्धेची फेरी बघायला गेलेल्यांनी तरी ती एकदा चालवून पाहावी.

गेमच्या खोड्याही सांगितल्या पाहिजेत. कारकिर्दीचा भाग खेळायला इंटरनेट चालू असावं लागतं, ते तुटलं की तुम्हीही तुटलात. ग्रीस, वेल्स, फिनलंड, मॉन्टे कार्लो ही पहिल्या गेममधली ठिकाणं इथे वेगळे पैसे मोजून घ्यावी लागली. डांबरावरची पकड खडीवरच्या इतकी खरी वाटत नाही, ही तक्रार जुन्या खेळाडूंची आहे आणि ती रास्त आहे. उलट खडीचा रस्ता गाड्या जातील तसा उकरत जातो, चाकोऱ्या पडतात आणि उशिरा सुटणाऱ्याची वाट अवघड होते, हे गेमने फार सुंदर साधलं आहे.

पुढची बातमी फारशी चांगली नाही. २०२१ मध्ये ईए या अमेरिकन कंपनीने कोडमास्टर्स विकत घेतली, २०२३ मध्ये डब्ल्यूआरसीच्या परवान्यासह नवा गेम आला, आणि २०२५ मध्ये रॅलीच्या पुढच्या गेमचं काम थांबवल्याचं जाहीर झालं. म्हणजे काही काळ तरी जे आहे त्यावरच भागवायचं आहे. जे आहे ते थोडं नाही. स्टिअरिंग व्हील नसेल तरी साध्या कंट्रोलरवर भागतं. फुल्वियापासून सुरुवात करा, मग एस्कॉर्ट, मग ग्रुप ए. आणि डेल्टा एस-४ ला, कितीही मोह झाला तरी, सर्वांत शेवटी हात लावा.